शेवटच्या माणसाची वेळ

(लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कुवलयानंदांच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहिलेला माणूस योगाबद्दलच बोलणार, असं तुम्ही गृहीत धरलं असेल. मी पीटीबद्दल बोलणार आहे. पहाटे साडेपाचला शिट्टी वाजते, माणसं रांगेत उभी राहतात आणि एका पावलात धावायला लागतात, त्या पीटीबद्दल. सैन्यात ती रोज होते. तिने स्नायू घडतात हे सगळ्यांना माहीत आहे. तिने मनाचं काय होतं, हा माझा आजचा विषय.

स्वामीजींना तो परका वाटला नसता. संन्यासी होण्याआधी ते जगन्नाथ गणेश गुणे होते, आणि १९०७ ते १९१० या काळात बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी शरीर कमावलं. नर्मदाकाठी मालसरला योगगुरू परमहंस माधवदासजींची भेट झाली ती त्यानंतर, १९१९ साली. म्हणजे योगाआधी तालीम होती. १९२४मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं, आणि नौली-उड्डियानासारख्या क्रिया क्ष-किरण यंत्रासमोर करवून आत नेमकं काय घडतं ते तपासलं. हे आपण नेहमी सांगतो. १९३६च्या ‘यौगिक संघ व्यायाम’ या पुस्तिकेची आठवण मात्र आपण फारशी काढत नाही. एकांतात करायची साधना मैदानावर, रांगेत, आज्ञेबरहुकूम शेकडो मुलांकडून करून घ्यायची, यासाठी ती रचना होती. एकट्याने केलेला व्यायाम आणि संघाने केलेला व्यायाम माणसाला सारखंच काही देतात का, हा प्रश्न त्या पुस्तिकेतून सरळ उभा राहतो.

त्याच प्रश्नाचं दुसरं टोकही याच गावात आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी नौदलाचं ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र इथे सुरू झालं. जहाजाचं इंजिन चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं तिथे तयार होतात. जहाजाच्या पोटात, उष्णतेत आणि आवाजात, दिवस आहे की रात्र हे न दिसता पाळ्या करायच्या, हे त्यांचं पुढचं आयुष्य. त्यासाठी शरीर लागतंच. पण त्याहून जास्त लागतं ते शेजारच्या माणसावर विसंबून राहण्याचं बळ.

आता विषयाची काळी बाजू आधी सांगून टाकतो. जुलै २०२२मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. भूदलातले ६४२, हवाई दलातले १४८, नौदलातले २९. भूदल आकाराने कितीतरी मोठं आहे, तेव्हा या आकड्यांवरून कोणतं दल बरं आणि कोणतं वाईट असा निष्कर्ष काढू नका. मला दिसते ती दुसरी गोष्ट. ही सगळी माणसं तंदुरुस्त होती. भरतीच्या वेळी वजन-उंची-छाती मोजून घेतलेली, दरवर्षी धावण्याच्या चाचणीत उतरणारी. पाच किलोमीटर शस्त्रासह आणि पाठीवरच्या सामानासह धावणं, दोर चढणं, नऊ फुटांचा खंदक ओलांडणं या लढाऊ क्षमतेच्या चाचण्या होत. बीपीईटी म्हणतात त्याला. तेवढी ताकद अंगात असलेला माणूस आतून कोसळू शकतो. म्हणून ‘व्यायाम करा, मन खंबीर होईल’ एवढ्यावर थांबणारा उपदेश मला सैनिकाच्या बाबतीत अपुरा वाटतो. व्यायामाची त्याला कमी कधी नव्हतीच.

मग कमी कशाची असते? सैनिकाच्या ताणाची कारणं लढाईच्या धामधुमीपेक्षा घरी जास्त सापडतात. बांधाची भांडणं, वाटणी, कर्ज, आजारी आई, नवरा-बायकोतला बेबनाव, आणि हे सगळं दोन हजार किलोमीटरवरून फोनवर ऐकायचं. त्यात रजा मंजूर होईल की नाही याची धास्ती आणि पहाऱ्यामुळे मोडलेली झोप. हे कुणाला सांगायचं? साहेबाला सांगितलं तर कमकुवत ठरू, डॉक्टरला सांगितलं तर कागदावर येईल. सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीला ‘शेप’ म्हणतात. तिच्यात पहिला घटक मनाचा आहे. त्यानंतर कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. पण कॅटेगरी खाली गेली की बढती आणि नेमणूक दोन्हींवर सावट येतं, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असतं. गुडघा दुखला तर तो सिक रिपोर्ट देतो. मन दुखलं तर पहाटे उठून धावायला जातो.

आणि इथेच माझ्या विषयाला सुरुवात होते, कारण तो धावायला जातो तिथे नऊ-दहा माणसं त्याच्या आजूबाजूला असतात.

मावळातली मुलं भरतीची तयारी करतात ती तुम्ही पाहता. वडगाव, कामशेत, पवनानगरच्या रस्त्यांवर पहाटे टॉर्च लावून पळणारी पोरं. अग्निवीर भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढले की पूर्ण ६० गुण. शेजारून पळणारा गावातला मित्र त्या साडेपाच मिनिटांपुरता प्रतिस्पर्धी असतो. तो मागे पडला तर आपलं बरं. सैन्यात गेल्यावर पहिल्याच महिन्यात हे गणित उलटं होतं. तिथे सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी, एकत्र धावतो. सगळ्यात पुढचा कधी पोचला याला किंमत नाही; सगळ्यात मागचा पोचला की घड्याळ थांबतं. मागच्याची रायफल कुणीतरी उचलतो, दुसरा त्याच्या पाठीला हात लावतो. उस्तादाच्या शिव्या सगळ्यांना सारख्याच. भरतीत कमावलेलं शरीर तेच असतं, पण त्या शरीराचा हिशेब आता दहा जणांच्या खात्यावर लागतो.

याने काही फरक पडतो का, हे मोजून पाहिलेलं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटशर्यतीच्या संघातल्या १२ जणांना वल्ही मारण्याच्या यंत्रावर ४५ मिनिटं बसवलं. काही वेळा एकेकट्याने, काही वेळा सहा-सहाच्या गटात. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना कुठवर सोसते ते तपासलं. गटात वल्हवल्यानंतर ही सहनशक्ती एकट्याने वल्हवल्यानंतरच्या मानाने साधारण दुप्पट वाढलेली आढळली, आणि दोन्ही वेळा खर्च केलेली ताकद मात्र जवळपास तेवढीच होती. बारा जणांचा प्रयोग लहानच. पण त्याने जे दाखवलं ते कोणताही जुना हवालदार मान हलवून मान्य करील.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावाही आहे. २०१८मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त अमेरिकेतल्या १२ लाखांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचा अभ्यास आला. व्यायाम करणाऱ्यांच्या वाट्याला महिन्यातले मन उदास असण्याचे दिवस न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होते. सगळ्या प्रकारांत सांघिक खेळांचा संबंध सर्वांत ठळक दिसला. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, सुमारे पाऊण तास, हे प्रमाण उत्तम ठरलं. रोज तीन तासांहून जास्त व्यायाम करणाऱ्यांची मनःस्थिती मात्र अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षाही वाईट आढळली. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम ठामपणे वेगळे काढता येत नाहीत. जो आधीच खचलेला आहे तो मैदानावर येतच नाही, असंही असू शकतं. तरीही दिशा स्पष्ट आहे, आणि ‘जेवढं जास्त तेवढं चांगलं’ या समजुतीला दिलेला इशाराही स्पष्ट आहे.

विल्यम मॅकनील नावाचे एक मोठे अमेरिकन इतिहासकार होऊन गेले. १९४१ साली ते सक्तीच्या भरतीत टेक्सासच्या एका छावणीत दाखल झाले. पुरेशी शस्त्रं नव्हती, म्हणून त्यांच्याकडून धुळीच्या मैदानात तासन्‌तास नुसती कवायत करून घेतली गेली. कंटाळा यावा अशी ती गोष्ट. पण एका पावलात चालताना आपण आपल्याहून मोठ्या कशात तरी सामावल्यासारखं वाटे, ही जाणीव त्यांच्या मनातून गेली नाही, आणि १९९५मध्ये त्यांनी कवायत आणि नृत्य यांच्या इतिहासावर एक पुस्तकच लिहिलं. वारीत टाळाच्या ठेक्यावर पावली खेळलेल्या माणसाला मॅकनील काय म्हणतात ते समजावून सांगावं लागणार नाही.

आता या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना सांगतो. ती दुसऱ्या महायुद्धातली, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड इथल्या लष्करी मनोरुग्णालयातली. १९४२-४३च्या हिवाळ्यात तिथल्या प्रशिक्षण विभागाची जबाबदारी विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाकडे आली. बायन यांचा जन्म १८९७चा, आपल्या मथुरेचा. पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढून शौर्यपदक मिळवलेला हा माणूस. विभागात शंभर-दीडशे सैनिक होते, सगळे मनाने मोडलेले. वॉर्ड अस्वच्छ, शिस्त ढासळलेली, जो तो आपली तक्रार घेऊन डॉक्टरच्या दारात. बायननी एकेकाला तपासत बसण्याऐवजी नियम लावले. वैद्यकीय सूट नसेल तर प्रत्येकाने रोज एक तास पीटी करायची. प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या गटात असायचं. सुतारकाम, नकाशावाचन, काहीही चालेल, आणि मनाजोगता गट नसेल तर नवा काढायचा. रोज दुपारी सगळ्यांनी एकत्र जमायचं. आणि ज्याला आज गटात जाणं झेपत नाही त्याने विश्रांतीच्या खोलीत जायचं. तिथे शांतपणे वाचावं, लिहावं, पडून राहावं. कुणी जाब विचारणार नाही.

सुरुवातीला कुणी हललं नाही. मग गट निघू लागले, माणसं आपसातच कामचुकारांबद्दल बोलू लागली, आणि महिन्याभरात तो विभाग वरून बडगा न दाखवता नीटनेटका झाला. वरिष्ठांना हा प्रकार मानवला नाही. सहा आठवड्यांत प्रयोग बंद पडला. पण बायन आणि त्यांचे सहकारी जॉन रिकमन यांनी १९४३मध्ये त्यावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि गटोपचाराच्या इतिहासाला तिथून एक नवं वळण मिळालं.

याच बायनचा आपल्या सैन्याशीही एक धागा आहे. ब्रिटिश सैन्यासाठी अधिकारी निवडायच्या पद्धतीत त्यांनी नेता न नेमता गटाला काम देण्याची चाचणी आणली. त्याच परंपरेतून आपल्याकडची एसएसबीची, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, निवडपद्धत आली. तिथे उमेदवारांच्या गटांची अडथळ्यांची शर्यत असते. सापासारखी लांब वळकटी सगळ्यांनी मिळून उचलायची, प्रत्येक अडथळा प्रत्येकाने ओलांडायचा, एक जरी मागे राहिला तरी शर्यत संपत नाही. आपले अधिकारी निवडताना जे तत्त्व आपण वापरतो, तेच तत्त्व जवानाचं मन सांभाळताना का विसरावं?

ते विसरलं जातं हे खरं आहे. गट ही दुधारी वस्तू आहे. मागे पडलेल्या एकासाठी सगळ्यांना रगडा दिला, की त्या एकाचं काय होतं ते वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही विचारा. त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या रागाचा धनी होतो. आव्हान तेच, अंतर तेच, पण एका ठिकाणी शेवटचा माणूस सर्वांची जबाबदारी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वांचा गुन्हेगार. दोन्हीकडे घाम सारखाच गळतो. पहिल्याने माणूस सावरतो, दुसऱ्याने त्याची पडझड होते. आणि पोस्टर लावून, टी-शर्ट वाटून, समाजमाध्यमांवर शंभर दिवसांचं किंवा हजार पुश-अप्सचं आव्हान जाहीर केलं की मानसिक आरोग्याचं काम झालं, अशीही एक समजूत जगभर पसरली आहे. आकडा गाठणाऱ्याचा फोटो निघतो. ज्याने दहाव्या दिवशी यायचं बंद केलं, त्याच्या घरी कुणी गेलं का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते त्या उपक्रमातली खरी माहिती तीच असते.

म्हणून अशा सांघिक आव्हानाकडून मी तीन अपेक्षा ठेवतो. पहिली, गुण गटाचे असावेत आणि वेळ शेवटच्या माणसाची धरावी. दुसरी, धावणं संपल्यावर लगेच पांगायचं नाही. दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, बोलायचं. सैन्यात प्रत्येकाला बडी असतो. रोज शेजारी धावणाऱ्या बडीला डॉक्टरच्याही आधी कळतं की याची चाल बदलली आहे, हा विनोदाला हसत नाही, फोन आल्यावर लांब जाऊन बोलतो. पण कळलेलं बोलायला जागा लागते. तिसरी, नॉर्थफील्डच्या त्या खोलीसारखी, मानाने बाजूला होण्याची सोय असावी. ‘आज नाही जमत’ असं म्हटल्यावर कॅटेगरी जाणार नसेल, टिंगल होणार नसेल, तरच माणूस ते म्हणेल.

इथे एक अवघड प्रश्न मांडायला हवा. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर एका तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण ज्या बडीला आपण पाठीला हात लावून पुढे नेतो, तोच चौथ्या वर्षी आपल्या जागेचा दावेदार असेल, तर तो हात तितक्याच सहजपणे पुढे येईल का? अशा काळात सेक्शनच्या गुणांवर आधारलेल्या उपक्रमांची गरज वाढते, कमी होत नाही.

व्यायामाची सीमाही सांगितली पाहिजे. ज्याला झोप नाही, अन्नाची वासना नाही, जगणं नकोसं झालं आहे, त्याला धावायला लावणं हा उपचार नव्हे. त्याला डॉक्टर हवा. आपल्याकडे त्या सोयी वाढत आहेत. भूदलाने उत्तर विभागात ताण कमी करण्यासाठी ‘मिलाप’ आणि ‘सहयोग’ हे प्रकल्प राबवले. नौदलाचं मनोविकार उपचार केंद्र मुंबईच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आहे. आणि १ डिसेंबर २०२३पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात खास सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा कक्ष सुरू झाला आहे. ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६. मोफत आहे, चोवीस तास आहे. सांघिक व्यायामाचं काम या दारापर्यंत माणसाला पोचवण्याचं आहे. दहा जणांच्या रांगेत कुणीतरी ‘चल, मी येतो तुझ्याबरोबर’ म्हणणं, हेच त्याचं यश.

शेवटी मावळाकडे येतो. सैनिक पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. ज्या रांगेने त्याला पंधरा-वीस वर्षं धरून ठेवलं ती रांग एका दिवसात संपते. आपल्याकडे मग तो बऱ्याचदा तळेगावच्या किंवा चाकणच्या कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक होतो. बारा तासांची रात्रपाळी, एक खुर्ची, एक रजिस्टर, आणि शेजारी कुणी नाही. शरीर अजून दणकट, पण सोबत गेलेली. अमेरिकेत २०१०मध्ये ‘टीम रेड, व्हाइट अँड ब्लू’ ही संस्था निघाली ती हीच पोकळी ओळखून. माजी सैनिक आणि गावातले नागरिक एकत्र धावतात, एकत्र चालतात, एवढंच तिचं मुख्य काम. आपल्याकडे यासाठी परदेशी नमुना आणायचीही गरज नाही. इथे गावोगाव तालमी आहेत, माजी सैनिकांच्या संघटना आहेत. लोणावळ्यात ‘शिवदुर्ग मित्र’सारखी संस्था आहे. तिचे स्वयंसेवक दरीत अडकलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून वर आणतात. स्ट्रेचर एकट्याने उचलता येत नाही, आणि सर्वांत थकलेल्याच्या पावलानेच ते पुढे सरकतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

माझी सूचना साधी आहे. मळवलीहून भाजे, तिथून लोहगडवाडी आणि पुढे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडून लोहगडाचा माथा, ही वाट आपल्या सगळ्यांच्या पायाखालची आहे. २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. या वाटेवर वर्षातून एकदा शर्यत घ्या, पण पाच-पाच जणांची. पाचांत एक माजी सैनिक, भरतीची तयारी करणारी दोन मुलं किंवा मुली, एक पन्नाशीच्या पुढचा गावकरी, आणि एक असा की जो आजवर कधी धावला नाही. पाचवा महादरवाज्यात पोचेल तीच संघाची वेळ. आणि शर्यतीआधीचे तीन महिने आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, सरावाला एकत्र यायचं. बक्षीस कितीही लहान ठेवा. या तीन महिन्यांत कोण यायचा थांबला आणि त्याच्या घरी कोण गेलं, याची एक वही मात्र ठेवा.

स्वामीजींनी प्रत्येक दावा मोजून पाहण्याची सवय या गावाला लावली. ती वही तीन वर्षं ठेवली, तर सांघिक व्यायामाने मन सावरतं का, या प्रश्नाचं मावळापुरतं उत्तर आपल्याकडे असेल. लष्करालाही ते उपयोगी पडेल, कारण त्याचे जवान इथूनच जातात आणि निवृत्त होऊन इथेच परततात. या कामाची सुरुवात करायची तयारी असलेल्यांनी सभा संपल्यावर थांबावं. पहिल्या पाच जणांची नावं आजच लिहून घेऊ.